मांडी घालून चालवून बघा

माझं नाव रत्ना, कचेरीत सगळी रत्नाताई म्हणत्यात. गाव आटपाडीपासनं आत, चार डोंगरं नि दहा बाभळी. दोन वर्साची असताना ताप आला नि दोन्ही पाय गेले, पोलिओ. तवा कुणाला काय कळतंय, आई मला कडेवर घेऊन म्हसवडला सिद्धनाथाला न्यायची, पायरीवर ठेवायची नि म्हणायची, देवा, लेकीला पाय दे. देवानं पाय काय दिले न्हाईत, दादांची पाठ दिली. दादा म्हणजे माझे वडील. दहावीपत्तोर मी त्यांच्या पाठीवर शाळेत गेले. पुढं तालुक्याला कारकुनाची नोकरी लागली, सपाटीला कुबड्या घेऊन चालते मी, पर यष्टीची पायरी काय चढता येत न्हाई, मग धाकटा भाऊ संपत उचलायचा, तो नसला की कंडक्टर, न्हाईतर जो गावंल तो. काय सांगू तुमाला, उचलणारी माणसं चांगलीच असत्यात, पर काखेत हात घालताना कोण इचारत न्हाई. पोतं इचारून उचलत्यात का? चाळीस वर्सं मी पोतं हुते.

म्हणून गाडी घेतली. बिनक्लचची, नि उजव्या हाताला एक दांडा बसवून घेतला. पुढं ढकलला की ब्रेक, मागं वढला की रेस. दांडा खालनं एका सळईनं पेडलला जोडलेला, बाकी गाडी चारचौघींसारखीच, पायानं चालवायची म्हणलं तरी चालती. पयल्या दिवशी एकटी भाजी आणाय गेले नि भाजी न घेताच परत आले, लय रडले. कुणी उचललं न्हाई ना मला.

पर दांडा बसवणारा माणूस पुण्याचा, त्यानं ते काम सोडलं, फोन बी लागंना. आता गाडीला जरा खुट्ट झालं की आली का पंचाईत. बघाय दहा मेस्त्री यायचे, हात लावाय एक न्हाई. नि बोलायचे संपतशी. गाडी माझी, चालवते मी, पर इचारायचं संपतला, भाऊ, ताईंना कशाला तरास, डायवर ठेवा की. एक जण म्हणला, ह्यो जुगाड काढून टाका, मग गाडी झकास हाय. म्हणलं, आवं शाण्या, मग चालवू कशानं, डोक्यानं?

शेवटी एका मेस्त्रीनं गाडी कामाला घेतली. ब्रेकचं काम केलं, दांडा सोडला, परत जोडला, गाडी फिरवून आणली नि म्हणला, ताई, एकदम ओके. मी बी भाबडी, ओके म्हणलं की ओके. चौथ्या दिवशी भिवघाटाच्या उतारावर दांडा पुढं ढकलला तर सरळ शेवटाला गेला, ब्रेक न्हाईच. दांडा सोडून हँडब्रेक वढला नि गाडी मुरमाच्या ढिगात घातली. त्यानं गाडी पायानं चालवून बघितली हुती ओ. पायाला ब्रेक व्हताच. हाताला नव्हता. लागलं न्हाई मला, पर माणसं धावत आली, नि लागलंय का इचारायच्या आधी उचलून बाहीर काढलं.

घरी आल्यावर संपत म्हणला, बास ताई, इकून टाकू, मी हाय की उचलाय. मायेनंच म्हणला त्यो. मला मात्र त्या रात्री जेवण गेलं न्हाई.

त्या घाटात सांगलीचा एक पिकअपवाला थांबला हुता, त्यानं सांगितलेलं, बाळगोंडा आण्णांकडं जावा, दुसऱ्यांनी सोडल्याली गाडी ते घेत्यात. संपतला म्हणलं, एवढं एक दार बघू, तितं न्हाई म्हणले तर खुशाल इक. सांगलीच्या बाहीर पत्र्याचं शेड, पाटी न्हाई काय न्हाई. आण्णांच्या डोक्यावर पांढरी टोपी, साठी उलटलेली. संपत सांगाय लागला तर आण्णांनी त्याला हातानंच गप केलं नि मला म्हणले, अक्का, दांडा ढकलताना तुमच्या हाताला काय कळतंय? आजवर कुणी इचारलं न्हवतं. दांडा कुठं ढिला लागतोय, कुठं अडतोय, समदं सांगितलं मी.

आण्णांनी दुपारपासनं काम केलं, मग सोताच हातानं गाडी चालवून बघाय गेले नि लगीच परत आले. म्हणले, खड्डा आला की माझा पाय आपसूक ब्रेकवर जातोय, पाय खाली हाय तवर मला काय खरं कळायचं न्हाई. चपला काढल्या, सीट मागं सारली नि गड्यानं सीटवर चक्क मांडी घातली. संपत हसाय लागला, मी डोळं वटारलं. तसंच मांडी घालून मोकळ्या माळावर तीन फेऱ्या मारल्या, परत येऊन म्हणले, सळईचं भोक झिजलंय अक्का, पिन बी दुसऱ्याच मापाची घातलीया. नवी सळई घडवली. जैन माणूस, दिवस मावळायच्या आत जेवणार, पर डबा खिळ्यालाच लटकत ऱ्हायला. मी म्हणलं, आण्णा, जेवून घ्या. तर म्हणले, मावळला की दिवस, आता उद्या. पाणी सुदिक घेतलं न्हाई नि परत मांडी घालून चालवून बघितलं, मगच किल्ली माझ्या हातात दिली. संपतच्या न्हाई, माझ्या.

लय वर्सं सुखाची गेली. आता आण्णांना साखर हाय, डोळ्यानं धुरकट दिसतंय, गॅरेज बंद केलं. मी दुसरीकडं फिरले, कराडला गेले, साताऱ्याला गेले. सगळ्यांना म्हणते, मांडी घालून चालवून बघा, तर हसत्यात. एक म्हणला, ताई, पूजेला बसायचंय का? गाडी वळवली नि आले. कटाळा आलाय ओ, प्रत्येक दारात पयल्यापासनं सांगायचं, मला पाय न्हाईत, मला पाय न्हाईत.

मागच्या म्हयन्यात दांडा कुरकुरला, परत आण्णांकडंच गेले. ते म्हणले, अक्का, दिसत न्हाई मला. म्हणलं, मला दिसतंय की. भुईवर सरकायची सवय हाय मला, दारातनं पेडलपाशी डोकं घातलं, ब्याटरी धरली नि दिसंल ते सांगत गेले, आण्णा बोटांनी चाचपत गेले. दोन तास लागले. मग चालवून बघायची येळ आली, चालवली मी. आण्णा शेजारच्या सीटवर बसले, चपला काढल्या नि मांडी घातली. म्हणलं, आण्णा, तुमाला काय गरज? म्हणले, न्हाई, पाय खाली ठेवला तर तुमच्यावर भरवसा न्हाई असं व्हईल.

परवा म्हसवडला जाऊन आले, एकटी. आई मला ठेवायची त्याच पायरीवर बसले. पायाचं मागणं मी कवाच सोडलंय. म्हणलं, सिद्धनाथा, सांगलीच्या त्या म्हाताऱ्याची बोटं तेवढी शाबूत ठेव. ती गेली की मला परत कुणीतरी उचलंल, चांगलीच माणसं असतील, पर आता मला ते सोसायचं न्हाई.