वर्ग बांधीत

(१९८१चा श्रावण. भंडाऱ्यातली एक सरकारी कचेरी. टेबलामागे मंडळांची अनुदानं तपासणारे सबनीस साहेब. समोर आसगावच्या महिला मंडळाच्या अध्यक्ष देवकाबाई आणि मंडळाच्या वर्गावर शिकवणाऱ्या पुष्पाबाई.)

देवकाबाई : बसाले सांगू नोका साहेब, उभ्यानंच बोलतो. खुर्ची भेटली का मानूस लवकर 'हो जी' म्हनते.

सबनीस : बाई, आवाज चढवून काही होणार नाही. तुमचं अनुदान मी रागानं थांबवलेलं नाही. तपासणीत जे दिसलं त्यावर शेरा मारला.

देवकाबाई : शेरा तुमी मारला, अन् भोगून राहिलो आमी! गावभर बोभाटा झाला, का मंडळानं पैसा खाल्ला. बावीस पोरी येत होत्या, आता नऊ उरल्या. गिरजाबाईनं तं आपल्या पोरीले भर वर्गातून हात धरून नेलं. थे पोरगी मागं पाहू पाहू गेली, साहेब.

पुष्पाबाई : शाळा सुटलेल्या मुली आहेत, साहेब. दहावीला बाहेरून बसण्यासाठी सतरा नंबरचा फॉर्म भरायचा आहे त्यांना. घरी बसून कोणी शिकवणार नाही. आमचा वर्ग मोडला की त्यांचं शिक्षण संपलं.

सबनीस : मग हे सांगा पुष्पाबाई, हे अक्षर तुमचंच ना? हजेरीबुकातलं जुलैचं पान. वाचा.

पुष्पाबाई : 'वर्ग बांधीत.'

सबनीस : तेच! शिकवायच्या पैशातून तुम्ही वर्ग बांधायला काढलात. परवानगी नाही, नकाशा नाही. बरं, मी स्वतः आसगावात येऊन पाहिलं, तर बांधकामही नाही. वीट नाही, पाया नाही. मंडळाच्या खोलीला कुलूप. मी काय समजायचं?

देवकाबाई : पुष्पा, काय बोलून राहिले हे? कोनं बांधलं? काय बांधलं?

पुष्पाबाई : साहेब, तुम्ही मूळचे कुठले?

सबनीस : पुण्याचा. त्याचा इथे काय संबंध?

पुष्पाबाई : आमच्याकडे बांधी म्हणजे धानाचं शेत. चारी बाजूंनी धुरे, म्हणजे मातीचे बांध, मधात पाणी. 'वर्ग बांधीत' म्हणजे वर्ग शेतात भरला, एवढंच लिहिलं मी.

सबनीस : शेतात? वर्ग?

देवकाबाई : अवो माय! एवढ्यासाठी महिनाभर आमचं तोंड काळं केलं? रोवण्याचे दिवस, साहेब. बायापोरी साऱ्या धान लावाले चिखलात. कुलूप नाई तं काय राहीन खोलीले? पोरी वर्गाले येऊ शकत नोत्या, मंग वर्गच नेला पोरीयपाशी.

सबनीस : चिखलात वही कशी धरतात?

पुष्पाबाई : नाही धरत. हातांनी रोप लावतात, तोंडानं पाढे नाही तर व्याकरण. मी धुऱ्यावरून विचारते. दुपारी शिदोरी सोडली की हात धुऊन अर्धा तास लिखाण.

सबनीस : आणि तुमचं मानधन? ते तर अनुदानातूनच होतं.

देवकाबाई : तिची पात आमी लावतो. थे धुऱ्यावर शिकवते, तिच्या वाटचं धान आमी चौदा बाया मिळून रोवतो. शेतमालकाले काम पुरं, तिले मजुरी पुरी. पन आठ दिसात रोवणा सरते जी. मंग कोनाची पात लावू? तुमसरच्या राइस मिलमंधून तिले नोकरीले बलावनं आलं हाये. जाते म्हनली तं कोन्या तोंडानं थांबवू?

सबनीस : हं... पुष्पाबाई, हे तुम्ही मला लेखी कळवायचं होतंत.

पुष्पाबाई : दोनदा कळवलं साहेब. दोन्ही वेळेस 'वर्ग बांधीत होता' असंच लिहिलं.

सबनीस : अरे देवा. बरं, शेरा मी मागे घेतो. आजच तसा कागद करतो, थांबलेलं अनुदानही सुटेल. या आता.

देवकाबाई : नाई येत.

सबनीस : आता काय राहिलं?

देवकाबाई : कागद तुमच्या फाईलीत राहीन. गिरजाबाई काय फाईल वाचाले येते? पोरीच परत नाई आल्या तं पैसा घेऊन आमी काय करू? शेऱ्याची बात तुमच्या नावानं गावात फिरली. गावात येऊन, चावडीवर उभं राहून, तुमीच सांगा.

सबनीस : अधिकाऱ्यानं चावडीवर उभं राहून 'माझी चूक झाली' म्हणायचं? असं कुठं असतं का?

पुष्पाबाई : काकू, चला आता. कागद तर मिळून राहिला ना.

देवकाबाई : तू थांब वो. साहेब, चूक कायले म्हनता? 'मले हा सबद माहीत नोता' एवढंच म्हना.

सबनीस : लोक हसतील, देवकाबाई.

देवकाबाई : लोक हासतीन. पोरी नाई हासनार. माहीत नाई म्हनाले लाजाचं नाई, हे आमी त्याइले पयल्याच दिवशी शिकवतो.