मागचा डावा दिवा

गॅरेजच्या बाकावर माझ्याआधी एका काकूंचा नंबर होता. मेकॅनिक त्यांच्याशी बोलत होता.

“काकू, परत ब्रेकचा डावा बल्ब? वर्षातला हा तिसरा. एवढी गाडी पळवतं कोण?”

“कोणी नाही रे. दारातच उभी असते. आज शेजाऱ्यांनी आणून दिली.”

“मग बल्ब जातो कसा?”

“हे बसतात ना आत. सकाळी चहा झाला की जाऊन बसतात, ते जेवायलाच उठतात. पाय ब्रेकवर.”

“किल्ली असते त्यांच्याकडे?”

“किल्ली मी लपवलीय. ब्रेकचा दिवा तिच्याशिवायही लागतो ना, बॅटरी शेजारी चार्ज करून देतात. हे गाडी मागे घेत असताना आमची नात चाकाखाली आली. तेव्हापासून ब्रेक दाबून बसतात.”

“काकू, मग बल्ब लावूच नका. त्यांना आतून थोडाच दिसतो?”

“मला दिसतो. ओट्यापाशी उभं राहिलं की खिडकीतून तेवढा एकच दिसतो. लागलेला असला की कळतं, माणूस आहे अजून. परवा एकदम विझला. वाटलं, हे सुटले एकदाचे. हातातलं भांडं टाकून धावले.”

“आणि?”

“बल्ब गेला होता. पाय होता तिथेच होता.”