रस्त्याकडेचा पट्टा

जनावरांच्या डॉक्टरकडे बोडिलबाई मांजर मांडीवर घेऊन बसल्या होत्या. मागच्या बाकावर शेतकरी ग्रेगर्स आणि शेतीसल्लागार सिग्ने बोलत होते.

"सात वर्षं तुम्ही शेताला नांगर लावला नाहीत. गांडुळं परतली, पाणी मुरायला लागलं. मग रस्त्याकडेचा तेवढा पट्टा नांगरलेला कसा?"

"तो म्हाताऱ्याचा."

"वडिलांचा?"

"नांगरणीच्या स्पर्धेत तीन कप जिंकलेला माणूस! तुमचं ऐकून मी नांगर सोडला, शेतभर धसकटं राहिली. त्या रस्त्याने चर्चला जाणारे त्याला विचारायचे, पोरगं आळशी निघालं का?"

बोडिलबाईंनी मांजर घट्ट धरलं.

"मग?"

"मग म्हातारा दर शनिवारी गुपचूप तेवढाच पट्टा नांगरायचा. रविवारी लोकांना तेवढाच दिसतो ना! एकदा मी चारचौघांत झापलं, 'बाबा, गांडुळं मारतोस, लाज नाही वाटत?' किल्ली काढून घेतली. पुन्हा ट्रॅक्टरवर चढलाच नाही तो."

"पण तुमचं चुकलं नव्हतं, ग्रेगर्स. माती सुधारली की."

"सुधारली हो."

"ते तर गेल्या वर्षीच गेले. मग यंदा कोणी नांगरला?"

"मीच. शनिवारी."