कसंनुसं

शंकरप्पा : कसंनुसं होतंय म्हणलो मी, सिस्टर. तेवढंच.

पंचशीला : अन् मी ते मळमळ म्हणून लिहिलं, काका. तीन दिवस सलग. म्हणून डॉक्टरांनी पुढच्या सहा जणांची लस थांबवली. सकाळपासून बसून आहेत इथं लातूरला.

शंकरप्पा : माझ्यापायी?

पंचशीला : लस नवी आहे. माणसांत तुमच्याआधी दोघांनाच दिली. कुणाला काही झालं की थांबावंच लागतं, म्हणून तर रोज फोन करते ना मी. आता नीट सांगा. उलटीसारखं होतं का?

शंकरप्पा : न्हाई ओ. दोन भाकरी खाऊन बसलो आत्ता.

पंचशीला : मग कसंनुसं म्हणजे काय? कुठं होतं?

शंकरप्पा : कुठं म्हणून सांगू? दिवस मावळला की होतंय. लाईट लावायला सुदिक उठू वाटंना.

पंचशीला : लस घेतल्यापासून?

शंकरप्पा : सिंधु गेल्यापासून. मंडळी आमची. दोन वर्षं झाली.

पंचशीला : अहो काका, मग हे आधी का नाही सांगितलं?

शंकरप्पा : तवा तुमी बीपी इचारला, शुगर इचारली. हे कुणी इचारलंच न्हाई.

पंचशीला : बरं. लस घेऊन आज सातवा दिवस. त्रास नसेल तर रोजचे फोन आज संपले. पुढची तपासणी तीन आठवड्यांनी.

शंकरप्पा : आन् तरास असला तर?

पंचशीला : तर तो जाईपर्यंत मी फोन करणार. डॉक्टरही रेणापूरला घरी येऊन बघतील.

शंकरप्पा : रोज?

पंचशीला : रोज.



शंकरप्पा : त्या सहांत कोण कोण हाय?

पंचशीला : एक धुरपताबाई आहेत. भोकरहून पहाटेच्या एसटीनं आल्यात. सारखं विचारतात, त्या आधीच्या माणसाला काय झालं म्हणून.

शंकरप्पा : सांगा त्यांला, त्याला काई झालं न्हाई. लसीचा तरास न्हाई, लिवा तसं.

पंचशीला : नक्की ना? माझ्या भिडेखातर सांगू नका.

शंकरप्पा : खरं सांगायलोय. तुमचा फोन यायचा तर लई बरं वाटायचं, म्हणून बोलत बसलो. चूक माझीच हाय.

पंचशीला : चूक नाही, काका. एकटं वाटतं, हेही डॉक्टरांना सांगते मी. चला, लिहिलं. ठेवू आता?

शंकरप्पा : आज ताप इचारायचा ऱ्हायला, सिस्टर.