खाटेवरून चिखलीपर्यंत

चिखलीच्या गॅरेजात मी पंक्चरसाठी थांबलो होतो. गोकुळ मिस्त्री एका पिकअपखाली पडून बोलत होता. गाडीचे मालक, अमडापूरचे कडूबा, बाजूला उकिडवे बसले होते.

“मागून एवढी खाली काऊन केली, काका?”

“तुही काकू लकव्यानं पडली. दवाखान्यात न्या लागते. खाट चढवाले मी अन् पोरगी, दोघंच.”

“पन शॉकॲप्सर जुनेच लांब ठेवले. खड्डा आला का त्याइले दबाले जागाच नाही, गाडी आपटते. पह्यल्यासारखी उंच करून देऊ का?”

“उंच नको करू. खालीच राहू दे.”

“मंग आखूड टाकतो. काकू काय म्हनतात, लय आपटते का?”

“तिले कितीकदा इचारलं. म्हनते, बरी हाये गाडी.”

“मंग आज आनली काऊन?”

“आज पोरीनं चालवली. मी मागं तुह्या काकूच्या खाटेवर झोपून आलो.”

गोकुळ गाडीखालून बाहेर सरकला.

“मंग?”

“अमडापूरपासून इथंलोक दोन्ही हातानं खाट धरून होतो, गोकुळ. तिचे तं हातच उठत नाही.”