धुमाळांनी काढलेले जेवणाऱ्यांचे फोटो

शालनवहिनी, हिराबाई, बाजारातल्या माझ्या बांधवांनो, बोनकोड्याच्या गावकऱ्यांनो आणि सेक्टरांतून आलेल्या मित्रांनो,

इतकी माणसं येतील असं मला वाटलं नव्हतं. हॉल भरला, व्हरांडा भरला. ज्यांना बसायला जागा नाही त्यांनी रागावू नये.

तुम्ही मला ओळखता. वीस वर्षं मी बोलतो आहे. ट्रकच्या फाळक्यावर उभं राहून बोललो, गोदामाच्या दारात बोललो, लाठ्या घेतलेल्या पोलिसांसमोर बोललो. कधी शब्द अडला नाही. आज अडतो आहे. कारण ज्या माणसाविषयी बोलायचं, त्याला माझ्या बोलण्यानंच दुखावलं होतं. ते न सांगता मी खाली बसलो, तर तुमच्यापैकी निदान दोघांना कळेल की आबा खोटं बोलून बसला. म्हणून ते आज सांगणार आहे. पण आधी धुमाळांविषयी.

वसंत धुमाळ गेल्या मंगळवारी सकाळी गेले. स्टुडिओचं शटर वर करताना छातीत कळ आली. शेजारच्या इस्त्रीवाल्यानं रिक्षात घातलं. दवाखान्यात पोचेपर्यंत संपलं होतं. एवढंच झालं.

कोपरखैरण्यात त्यांचा स्टुडिओ होता. पासपोर्टचे फोटो, रेशनकार्डाचे फोटो, लग्नं, बारशी. तुमच्यातल्या निम्म्या लोकांच्या घरात भिंतीवर जो लग्नाचा फोटो आहे, तो धुमाळांनी काढलेला आहे. पण ते काम पोटासाठी. जीव दुसरीकडे होता. लग्नाच्या रोलमध्ये शेवटी तीन-चार फोटो उरतात. दुसरा कुणी ते वऱ्हाड्यांवर उडवून टाकील. धुमाळ ते राखून ठेवायचे. सोमवारी स्टुडिओ बंद. सोमवारी तो उरलेला रोल कॅमेऱ्यात घेऊन ते खानावळीत जायचे. म्हणून त्यांच्या रोलवर आधी नवरी दिसते, मग सप्तपदी दिसते, आणि लगेच पुढे भाकरी दिसते.

मित्रांनो, या शहराला संस्कृती नाही, असं मी फार ऐकलंय. पलीकडून खाडी ओलांडून पाहुणे येतात आणि म्हणतात, छान रस्ते आहेत, पण गाव कुठाय? अरे, हे शहर कागदावर आखलं. सेक्टर आखले, प्लॉट आखले, गटारं आखली. स्वयंपाक कुणी आखला होता? तो माणसांबरोबर आला. साताऱ्याहून हमाल आले, त्यांच्यामागून खर्डा आला. दक्षिणेकडचे आले, त्यांनी पहाटे इडलीची भांडी चढवली. ट्रकवाल्यांसाठी रस्त्याकडेला तंदूर पेटले. आणि ज्यांची शेतं गेली, मिठागरं गेली, त्या गावांतल्या बायकांनी स्वतःच्या पडवीत चार बाकडी टाकून मासळीचं कालवण वाढायला सुरुवात केली. ही संस्कृती नाही, तर मग संस्कृती म्हणजे काय?

हे आम्ही भाषणात म्हणत होतो. धुमाळ ते जाऊन बघत होते.

त्यांची एक रीत होती. स्टुडिओत दिवसभर ते म्हणायचे, "इकडे बघा. हनुवटी खाली. हलू नका." खानावळीत यातला एक शब्द नाही. जेवणाऱ्याला थांबवायचं नाही, घास हवेत धरायला लावायचं नाही, फ्लॅश मारायचा नाही. आधी स्वतः पंगतीत बसून जेवायचं. जेवता जेवता माणसं विसरली, की मग मांडीवरचा कॅमेरा उचलायचा. आणि फोटोच्या मागे पेन्सिलीनं लिहायचं, रांधलं कुणी. पाटीवर नवऱ्याचं नाव असलं तरी मागे बाईचं नाव.

बोनकोड्यातल्या आमच्या कमळीमावशी, त्या तिथे बसल्यात, त्यांचा फोटो काढायला गेले तेव्हा मी बरोबर होतो. मावशी ओरडल्या, "मी काय हिरोईन हाय? माज्या कालवनाचा काड फोटू!"

धुमाळ म्हणाले, "मावशी, कालवणाचा काढायला ते उरलं पाहिजे. सगळं या आबांनी संपवलं."

मावशी म्हणाल्या, "मंग यालाच काड. प्वाट तर दिसंल."

हसा. हसायला हरकत नाही. धुमाळांनी खरंच काढला तो फोटो.

आता माझ्याकडे येतो.

दोन वर्षांपूर्वी वाशीत एक प्रदर्शन ठरलं. आपल्या शहरातलं खाणंपिणं, असा विषय. समितीत सोसायट्यांचे लोक होते, एक-दोन हॉटेलवाले होते, कामगारांच्या वतीनं मी होतो. मीच धुमाळांचं नाव सुचवलं. ते चाळीस फोटो घेऊन आले. टेबलावर मांडले.

पहिलाच फोटो मारुती जाधवचा. मारुती माझ्या टोळीतला, तुर्भ्याच्या बाजारात पोती उचलणारा. हिराबाईंच्या खानावळीत जेवतोय. डोक्याला फडकं, खांद्यावर पोत्याचा भुस्सा, ताटात अर्धी भाकरी आणि फोडलेला कांदा, आमटी मनगटापर्यंत आलेली, आणि हा गडी मान खाली घालून बोटं चाटतोय.

सोसायटीचे एक गृहस्थ म्हणाले, "अहो, उद्‌घाटनाला पाहुणे येणार. उष्ट्या ताटांचे फोटो भिंतीवर लावायचे? थोडं डेकोरेशन केलेलं काही नाही का?"

मी उभा राहिलो. धुमाळांना वाटलं, आबा आपल्या बाजूनं बोलणार. त्यांनी माझ्याकडे पाहिलंही तसंच.

आणि मी काय बोललो? आमच्याकडे लहानपणापासून शिकवतात, जेवणाऱ्याकडे बघू नये, नजर लागते, घास अडकतो. तिथून मी सुरुवात केली. म्हणालो, कामगार घाम गाळतो तेव्हा तुमचा कॅमेरा येत नाही, आणि तो बोटं चाटतो तेव्हा येतो? त्याची भूक तुम्ही पाहुण्यांना तमाशासारखी दाखवणार? माझ्या माणसाची ही अप्रतिष्ठा मी होऊ देणार नाही! टेबलावर मूठसुद्धा आपटली. दहा मिनिटं बोललो. छान बोललो. हेच दुःख आहे, मित्रांनो, की मी फार छान बोललो. त्या गृहस्थांनी टाळ्या वाजवल्या. आयुष्यात पहिल्यांदा त्यांचं आणि माझं एकमत झालं होतं. मला तिथेच शंका यायला हवी होती.

धुमाळांनी एकच विचारलं, "आबा, तुम्ही मारुतीला विचारलंत?"

मी म्हणालो, "त्याच्या वतीनंच बोलतोय मी."

ते म्हणाले, "बरं." फोटो गोळा केले, खोक्यात ठेवले आणि गेले.

प्रदर्शन झालं. उंच ग्लासात आइस्क्रीम, त्यावर लाल चेरी. टोपीच्या आकाराचा डोसा. माणूस एकही नव्हता. भिंतीवर सगळं जेवण होतं आणि जेवणारं कुणी नव्हतं. मी तिथेही भाषण केलं.

पुढच्या महिन्यात मारुती माझ्याकडे आला. दारातच उभा. मारुती, तुझ्या शब्दांत सांगतो, चुकलं तर सांग.

"आबा, त्यो माजा फोटू लावनार हुते म्हनं?"

मी म्हणालो, "काळजी करू नकोस. मी लावू दिला नाही."

तो म्हणाला, "का?"

मी त्याला समजावायला लागलो. अप्रतिष्ठा, स्वाभिमान. त्यानं सगळं ऐकून घेतलं. माझं बोलणं मध्येच तोडायचं नाही, ही टोळीची शिस्त. मग म्हणाला, "आबा, गावाकडं आई म्हनती तू वाळलास, तुला तिकडं कोन खायला घालत न्हाई. धा येळा सांगितलं तिला, पटत न्हाई. धुमाळदादा म्हनले, वाशीत लावू, मग फोटू तुला देतो, आईला धाड. तिनं बगितलं असतं की प्वाटभर जेवतोय त्ये. त्यात लाजायचं काय हाय?"

त्यात लाजायचं काय आहे!

मी इतकी पुस्तकं वाचली. श्रमाची प्रतिष्ठा यावर मी तासभर बोलू शकतो. आणि माझाच माणूस मन लावून जेवताना दिसला, तर मला लाज वाटली. त्या गृहस्थांनाही वाटली. त्यांनी तिला डेकोरेशन म्हटलं, मी तिला स्वाभिमान म्हटलं. लाज एकच होती. धुमाळांना ती नव्हती. मारुतीला नव्हती. हिराबाईंना तर कधीच नव्हती. त्यांच्या भाकरीला कुणी बोटं चाटतो, याहून मोठी पावती त्यांना कोण देणार?

मग मी धुमाळांकडे गेलो. माफी मागायची असं ठरवून गेलो. स्टुडिओत दोन गिऱ्हाइकं होती. धुमाळांनी वर पाहिलं, म्हणाले, "या आबा, काय काढायचं?"

आणि तुमचा हा पुढारी, ज्याला कधी शब्द अडत नाही, तो म्हणाला, "पासपोर्टचा फोटो."

स्टुलावर बसलो. "हनुवटी खाली," ते म्हणाले. मी घातली. दिवा लागला, विझला. "गुरुवारी न्यायला या." मी उठून बाहेर आलो. परदेशी मला कोण बोलावतंय? मला त्या फोटोचा काही उपयोग नव्हता. गुरुवारी गेलो नाही. त्यानंतर गेलोच नाही. आज जाऊ, उद्या जाऊ, आधी संप होऊ दे, आधी निवडणूक होऊ दे. आणि मंगळवारी इस्त्रीवाल्याचा निरोप आला.

चार दिवसांपूर्वी वहिनींना हे सगळं सांगितलं. मला वाटलं होतं, त्या मला घरात घेणार नाहीत. वहिनी म्हणाल्या, "त्यांना कळलं होतं तुम्ही कशाला आलात ते. घरी येऊन हसत होते. म्हणाले, दाढी न करता पासपोर्टचा फोटो काढायला कोण येतं?"

तेव्हा त्यांना कळलं होतं. पण त्यांना कळलं म्हणून माझं सांगायचं राहिलेलं फिटत नाही. समितीत मी सगळ्यांसमोर बोललो होतो. माफी एकट्याला गाठून मागण्यात तरी काय अर्थ होता? ती सगळ्यांसमोरच मागायला हवी. धुमाळ, मी चुकलो. मारुती, मी तुझ्या वतीनं बोललो आणि तुला विचारलं नाही. हिराबाई, तुमच्या हाताची चव मी माझ्या भाषणाखाली झाकली. मी चुकलो.

वहिनींनी ते खोकं माझ्यापुढे ठेवलं. म्हणाल्या, "यांचं काय करायचं ते तुम्ही ठरवा." मी म्हणालो, वहिनी, मी ठरवणार नाही. एकदा ठरवून बघितलंय. या चार दिवसांत हिराबाई आणि मी प्रत्येक फोटोतल्या माणसाला शोधत फिरलो. बाजारात गेलो, उरणच्या धक्क्यावर गेलो, ढाब्यावर गेलो. फोटो हातात दिला आणि विचारलं, लावू का? कुणी लाजलं, कुणी सोबत्यांना हाका मारून गोळा केलं. सहा जण सापडले नाहीत. दोघं नाही म्हणाले. त्यांना कारण विचारलं नाही. ते आठही फोटो वहिनींकडे परत दिले. उरलेल्या बत्तीसांपैकी एकतीस आज या हॉलच्या भिंतींवर आहेत. मागचं नाव या वेळी पुढे लिहिलंय, हिराबाईंच्या सांगण्यावरून. सभा संपल्यावर ज्याचा त्याने आपला फोटो घेऊन जावा. मारुतीचा तेवढा इथे नाही. तो काल पोस्टानं गेला.

आता आपण दोन मिनिटं उभे राहू. शोकसभेत आपण मान खाली घालतो, डोळे मिटतो. आज तसं करू नका. हात जोडा, बोलू नका, पण मान वर ठेवा आणि भिंतीकडे बघा. जेवणाऱ्यांकडे बघा. नीट, निवांत बघा. तुमच्या बघण्यानं कुणाचा घास अडकणार नाही.

धुमाळ, तुम्हाला आम्हा सगळ्यांचा नमस्कार.

उभे राहू या.