काचेचा जग

रामनगरची ऑटो भरेपर्यंत वेणीमाधव पुस्तक उघडून बसले होते. शेजारच्या दोघी, इथे हिंदी मुलखात मराठी कोणाला कळणार म्हणून, मोकळ्या बोलत होत्या; वेणीमाधवांना मात्र सगळं कळत होतं.

“मधू, मॉन्टेसरीचं ट्रेनिंग का सोडलंस गं?”

“घरी लेकीला, स्वरदाला, जगमधून पाणी ओतायला शिकवलं. फुटला.”

“प्लास्टिकचा द्यायचास!”

“काचेचाच द्या, मूल जपायला शिकतं, असं आपल्या ट्रेनिंगच्या बाईच म्हणतात ना? सासूबाईंनी थोबाडीत मारली तिच्या.”

“चार वर्षांच्या पोरीला? अन् तू?”

“बघत राहिले. मध्ये पडायचं नाही, हेच तर शिकलोय.”

“अगं, ते मूल काम करत असताना!”

“माहितेय.”

“परत ये. महिनाच उरलाय.”

“कशाला? आता तहान लागली की स्वरदा भांड्याला हात न लावता आजीपुढे नुसती तोंड उघडून उभी राहते.”